रात्री यायचं हं!

बाल्कनी आत घेतली की हॉल मोठा होतो, असं म्हणतात. आमच्याकडे ब्रह्मकमळ मोठं झालं. बाहेर होतं तेव्हा ते ग्रिलवर चढायचं. आता पडद्याच्या दांडीवर चढतं आणि सोफ्याच्या पाठीवरून येऊन पाहुण्यांच्या मानेला गुदगुल्या करतं. पुरुषभर उंचीचे दांडे, त्यांना वाटेल तिकडे फुटलेली लांबट चपटी पानं, कडेला तपकिरी डाग. सुतळीने कितीही बांधा, वळण म्हणून लागत नाही. निव्वळ रूपावर झाडं ठेवायची असती, तर हे पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत गेलं असतं.

पानं आपली म्हणायची. तो खोडाचाच चपटा झालेला भाग. म्हणून तर कळी पानाच्या कडेतून फुटते आणि नवख्या माणसाला झाडाला काही रोग झालाय असं वाटतं. हा मुळात निवडुंग, पण वाळवंटातला नव्हे. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारा. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यपुष्प, ते निराळंच. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आणि साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते कशाला येतंय? हे सगळं मी समोरच्या काकूंना सविस्तर समजावलं. "असू दे हो," असं म्हणून त्यांनी कुंडीला हळदकुंकू वाहिलं.

घरात ठेवायला तसं हे सोशीक. दुपारचं कडक ऊन लागलं तर पिवळं पडतं, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललं तर नुसतं वाढत राहतं, फुलायचं नाव घेत नाही. खिडकीजवळचा भरपूर पण सौम्य उजेड त्याला मानवतो; म्हणजे घरात आरामखुर्चीची जी जागा असते, नेमकी ती. मुळं फांदीवरच्या पालापाचोळ्यात वाढायची सवय असलेली, म्हणून चिकट काळी माती नको. नारळाचा काथ्या, पानांचं खत, थोडा विटांचा चुरा, आणि पाणी साचू द्यायचं नाही. थंडीत पाणी कमी. कुंडी बदलण्याची घाई तर मुळीच नको. मुळांची थोडी दाटी झाली तरच त्याला फुलांची आठवण होते.

मग पावसाळ्यात कळ्या येतात. आधी खाली लोंबतात, हळूहळू देठ वळतो, टोक वर उचललं जातं, आणि एका संध्याकाळी कळी अशी टम्म फुगते की आज रात्रीचा मुहूर्त नक्की समजावा. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जातो: "रात्री यायचं हं!"

खरं तर ही सगळी तयारी आपल्यासाठी नाहीच. अंधारात दिसावा म्हणून तो पांढरा रंग, लांबून कळावं म्हणून तो घमघमाट, आणि फुलाची ती लांब नळी लांब सोंडेच्या हॉकमॉथ पतंगांसाठी. त्यांची वाट पाहत फूल उमलतं, तर समोर मसाला दूध घेऊन उभी असलेली अख्खी विंग. झगझगीत ट्यूबलाइट, निरांजन, उदबत्ती, मोबाइल. कुणीतरी फुलात शेषनाग दाखवतं, कुणाला तो अजिबात दिसत नाही, पण कबूल कोण करणार? आजोबांना झोप आवरत नाही, "अजून किती उघडायचंय?" असं ते रेल्वेच्या चौकशी खिडकीवर विचारावं तसं विचारतात. बंद हॉलमध्ये वास इतका दाटतो की माझं डोकं चढतं. एखादा इमानदार पतंग आलाच, तर बाहेर जाळीवर धडका देत बसतो. डासांसाठी म्हणून ती जाळी आम्हीच बसवलेली.

सकाळी फूल मान टाकतं. पण पाहुणे रात्रीच जाताना "एक पान द्या ना" म्हणून गेलेले असतात, आणि नाही कसं म्हणणार? कापलेला तुकडा दोन-तीन दिवस सुकवून मातीत खोचला की लागतो. आमचंही असंच कुणाकडून तरी आलेलं. असा एकेक तुकडा घरोघरी गेला. आता झाडं सगळी एकाच वाणाची, पाऊसही सगळ्यांना एकच, त्यामुळे कळ्या पुष्कळदा एकाच रात्री उमलतात. यंदा ग्रुपवर खालच्या मजल्यापासून गच्चीखालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना "रात्री यायचं हं!" असं कळवलं, आणि आपलं फूल सोडून कुणीच कुणाकडे गेलं नाही. मसाला दूध दुसऱ्या दिवशीही पुरलं.