हप्ता नका विचारू, वहिनी!

काय हो वहिनी, गाडी बुक केलीत आणि शेजारी पत्ता नाही? नाही नाही, मला कोणी सांगितलं नाही. काल संध्याकाळी तुमच्या गेटाशी एक पोरगा टाय लावून उभा होता, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. आपल्या कॉलनीत टाय लावून दोघंच येतात, विमावाले आणि कर्जवाले. विम्याचा तुमचा तो गेल्याच महिन्यात येऊन गेला. म्हटलं, गाडीच असणार.

पाडव्याला डिलिव्हरी ना? छान, छान. कढीपत्ता हवाय ना, घ्या तोडून, फांदी तुमच्याच बाजूला वाकलीय. पण एक सांगा, सही केली नाहीत ना अजून कुठे? बुकिंगच्या पावतीचं नाही विचारत, कर्जाच्या फायलीवर. भाऊजी आज करणार आहेत? मग कुकर बारीक करून या, दहा मिनिटं लागतील.

अहो, गेल्या दसऱ्याच्या वेळी आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतली तेव्हा मी गेले होते बरोबर. तो म्हणत होता, आई तू कशाला दमतेस. म्हटलं, पतसंस्थेत कर्जखात्यावर जन्म गेला माझा, मला एसीत बसून दमायला काय होतंय? तुम्हाला आठवत असेल, २०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झाला, वरचा सेसही गेला. शोरूममध्ये ही गर्दी! लोक नारळ घेऊनच आलेले. आणि मी तिथं बसून बघत होते, सरकारनं दारात जे सोडलं ते आतल्या फायनान्सच्या टेबलावर कसं परत गोळा होतंय.

पहिला प्रश्न काय विचारला असेल त्या पोरानं? गाडी कोणती, रंग कोणता, ते नंतर. "सर, महिन्याला हप्ता किती झेपेल?" वहिनी, इथंच सगळं आलं. तुम्ही एकदा आकडा बोललात, म्हणजे समजा पंधरा हजार, की तो पंधरा हजारांत काहीही बसवून दाखवतो. वरचं मॉडेल बसवतो, सनरूफ बसवतो, तीन विमे बसवतो. वर्षं वाढवत न्यायची, एवढंच. हप्ता तेवढाच दिसतो, आपण खूश.

आमच्या वेळी शोरूमच्या पोरानं ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या जागेवर बॉलपेननं लिहिलं: कर्ज ८ लाख, व्याज ७ टक्के, ५ वर्षं, हप्ता १८,०००. आणि ७ च्या भोवती दोनदा गोल केला. म्हणाला, "आजी, बँक तुम्हाला नऊच्या खाली देणारच नाही, आमच्याकडे सात आहे." मी म्हटलं, बाळा, हे सात फ्लॅट ना? तर तो चिरंजीवांकडे बघून हसला, जसं काही मी टायरमधल्या हवेबद्दल बोलतेय.

फ्लॅट म्हणजे कसं बघा. आठ लाखांवर सात टक्के म्हणजे वर्षाला ५६ हजार, पाच वर्षांचे २ लाख ८० हजार. ते मुद्दलात मिळवायचे आणि साठानं भागायचं, आले १८ हजार. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो ना? चार वर्षांनी देणं उरतं दोन लाखांच्या आसपास, आणि व्याज मात्र मूळच्या आठ लाखांवरच चालू. तेच कर्ज घटत्या बाकीवर मोजलं तर हे सात टक्के म्हणजे खरे साडेबारा टक्के होतात. हो, साडेबारा! आणि आपली बँक घटत्या बाकीवर नऊ टक्के म्हणते तेव्हा तेवढ्याच आठ लाखांना हप्ता बसतो १६,६०७. महिन्याला चौदाशेचा फरक. पाच वर्षांत झाले ८३ हजारांच्या वर. आता सांगा, सात स्वस्त की नऊ?

हे मी त्याच्याच ब्रोशरवर, त्याच्याच पेननं मांडून दाखवलं. मग तो उठला. "सरांना विचारून येतो." वहिनी, हे सर कधी दिसत नाहीत. ते काचेच्या आत असतात. पोरगा आत जातो, आपल्याला चहा येतो. पोरगा बाहेर येतो, पुन्हा आत जातो, पुन्हा चहा. भाऊजींना ॲसिडिटी आहे ना? तिथला चहा घेऊ देऊ नका.

बाहेर आला तो नवीन आकडा घेऊन. "मॅडम, सरांनी स्पेशल केस केली. घटत्या बाकीवर नऊ टक्के आणि हप्ता फक्त १२,८७१!" चिरंजीवांचा चेहरा खुलला. मी विचारलं, वर्षं किती? तर सात. अहो, सात वर्षं केली की त्याच नऊ टक्क्यांनी व्याज २ लाख ८१ हजार होतं. पाच वर्षांत ते १ लाख ९६ हजार होतं. म्हणजे ८५ हजार रुपये जास्त, कशासाठी, तर महिन्याचा आकडा डोळ्यांना गोड दिसावा म्हणून. आणि सातव्या वर्षी गाडीला क्लच, टायर, बॅटरी सगळं निघणार ते वेगळंच. म्हणून म्हणते, हप्ता विचारायचाच नाही. विचारायचं, शेवटच्या हप्त्यापर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार? या प्रश्नाला तिथं कोणाकडे पाठ केलेलं उत्तर नसतं.

काय म्हणालात? त्यांना काय मिळतं त्यात? अहो, सगळं त्यातच मिळतं! माझा भाचा दुसऱ्या गावात अशाच शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर होता. तो सांगतो, मावशी, गाडीवर मार्जिन कमी. कर्जाची फाईल बँकेला दिली की पेआऊट, विम्याची पॉलिसी काढली की कमिशन, वॉरंटी वाढवली की इन्सेन्टिव्ह. महिनाअखेरीला टार्गेट भरलं नाही तर पोराच्या पगाराला कात्री. म्हणून तर म्हणतात ना, "कर्ज आमच्याकडून घेतलं तरच डिस्काउंट." मला त्या टायवाल्याचा राग येत नाही हो. सिन्नरकडून रोज मोटरसायकलवर येतो बिचारा. पण त्याचं टार्गेट आपण का भरायचं?

आता तो कोटेशनचा कागद आणा बरं. आणलात? वा! थांबा, चष्मा... हां.

एक्स-शोरूम ठीक. आरटीओचा टॅक्स, तो चुकत नाही. आपल्याकडे पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत अकरा टक्के, दहा ते वीस लाखांना बारा टक्के. तुमची दहाच्या वरची दिसतेय, म्हणून हा एक टक्का टीसीएस लावलाय. तो खर्च नाही बरं का, भाऊजींनी रिटर्न भरताना दाखवला की करात वळता होतो, नाहीतर परत मिळतो. पण तेवढं ते सांगत नाहीत.

आणि हे काय, "हँडलिंग चार्जेस"? हे कसले म्हणावं? गाडी त्यांनी हँडल केली नाही तर विकणार कशी? याचं वेगळं जीएसटीचं बिल द्या म्हणावं. आमच्या वेळी बिल मागितल्याबरोबर ती ओळ कागदावरून गेलीच.

विमा बघा. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तो नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. पण तो त्यांच्याकडूनच घ्यायचा असा कुठेही नियम नाही. ते घाबरवतात, "बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही." ते विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी जुळलेलं आहे की नाही त्यावर असतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. चिरंजीवांनी मोबाईलवर बाहेरचं कोटेशन काढून समोर ठेवलं, तर त्याच कंपनीची तीच पॉलिसी यांच्याकडे लगेच स्वस्त झाली! मी विचारलं, मग सकाळी हे जास्तीचे कोणाचे होते? पोरगा गप्प.

आणि ही खाली बारीक अक्षरातली ओळ वाचलीत? "लोन सुरक्षा." हा कर्जदाराचा विमा. वाईट नाही, पण ऐच्छिक आहे, आणि त्याचा प्रीमियम कर्जातच मिसळलाय. म्हणजे प्रीमियमवरही पाच वर्षं व्याज! विचारलं होतं का त्यांनी तुम्हाला? नाही ना? हेच ते.

अजून एक. पॅन कार्ड, आधार, सह्या, सगळं त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकलंत का? टाकलंत... बरं, मग त्याला लगेच कळवा, माझ्या परवानगीशिवाय फाईल कुठेही लॉगिन करायची नाही. ते काय करतात, एकच फाईल दोन-चार बँकांत टाकतात, जिचा पेआऊट बरा तिची मंजुरी पुढे करतात. प्रत्येक बँक आपलं सिबिल तपासते आणि प्रत्येक चौकशीची तिथं नोंद राहते. थोड्या दिवसांत खूप नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस दारोदार कर्ज मागत फिरतोय. गाडी एक आणि बदनामी चार ठिकाणी. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो, भाऊजींना आजच काढायला सांगा, कोणी कोणी डोकावून गेलंय ते दिसेल.

आता खरं हत्यार सांगते. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केलाय. अशा प्रत्येक कर्जाला सहीच्या आधी एक पत्रक द्यायचं, की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात त्याला, केएफएस. व्याज, प्रोसेसिंग फी, विम्याचे वळते केलेले पैसे, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो एपीआर त्यात लिहावाच लागतो. तिथं फ्लॅटची मखलाशी चालत नाही. आणि ज्या खर्चाचा उल्लेख त्यात नाही, तो पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. पत्रकही तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं. आणि यातली गंमत अशी की पत्रक दिल्यावर विचार करायला तुम्हाला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, तोवर त्याच अटी बँकेला बांधील. म्हणजे "ही ऑफर आज रात्री आठपर्यंतच" असं कोणी म्हटलं की समजायचं, घाई बँकेला नाही, टेबलाला आहे.

शोरूमच्या त्या पोराला मी म्हटलं, केएफएस दे, मराठीतून. तो म्हणाला, "आजी, ते डिलिव्हरीनंतर मेलवर येतं." म्हटलं, लग्न लागल्यावर पत्रिका बघायची का? तेव्हा कुठे काचेच्या आतले सर बाहेर आले. सर म्हणजे तिशीतला मुलगाच होता हो!

शेवटी कर्ज आमच्याच बँकेतून घेतलं. डिस्काउंट थोडा कमी केला त्यांनी, सीट कव्हरांचे पैसे लावले, पोरगा आठवडाभर फोन उचलेना. मनस्ताप झालाच. पण हिशोबात आम्ही पुढेच होतो.

आणि मुदतीआधी फेडायचं मनात असेल तर दर फिक्स की फ्लोटिंग ते विचारा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग कर्जावर, आपल्यासारख्यानं घरच्या वापरासाठी घेतलेलं असेल तर, आधी फेडल्याचा दंड नाही. गाडीची कर्जं बरीचशी फिक्स असतात, तिथं दंड किती ते त्या पत्रकात वाचायचं.

फेडून झाल्यावरचंही एक आहे. कोपऱ्यावरचे सर आहेत ना, त्यांनी शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, एनओसी कपाटात ठेवून दिली. तीन-चार वर्षांनी गाडी विकायला काढली तर आरसीवर बँकेचा बोजा तसाच! फॉर्म ३५ भरून आरटीओकडून तो उतरवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कपाटातली एनओसी जुनी झालेली, नवी आणायला गेले तर बँकेची ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. त्यांच्या बायको सांगत होत्या, महिनाभर घरात सरांशी कोणी बोलत नव्हतं. हे मी सांगितलं म्हणून सांगू नका हं.

आता भाऊजी काय म्हणतील मला ठाऊक आहे. "एवढी मोठी खरेदी, शुभ काम, लोकांसमोर दोन-पाच हजारांची घासाघीस काय करायची? बरं दिसत नाही." वहिनी, शोरूम चालतं ते या बरं दिसण्यावर. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोनदा मागे फिरणारी माणसं आपण, आणि दहा लाखांच्या कागदासमोर भीड पडते. भीड भिकेची बहीण, आमची आजी म्हणायची ते उगाच नाही.

आणि बँक दाद देईनाच तर लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर फोन लावला की कसं ते सांगतात. शोरूमची तक्रार असेल तर ग्राहकांची हेल्पलाईन आहे, १९१५. लिहून घ्या.

पाडव्याचं म्हणाल तर गाडीशिवाय गुढी उभारता येते की! महिन्याभरात अक्षय्य तृतीया आहे, साडेतीन मुहूर्त पूर्वजांनी काय एकाच शोरूमसाठी ठेवलेत? जा आत, भाऊजींना सांगा, आज सही नाही, आज फक्त पत्रक मागायचं. रागावले तर बेलाशक माझं नाव घ्या. या कुंपणावरून माझ्याशी व्याजाचा वाद घालायला अजून तरी कोणी आलेलं नाही.