काका, फक्त ‘हो’ म्हणा

बँकेत आपली किंमत किती हे जाणून घ्यायचं असेल तर एफडीची मुदत संपायची वाट बघावी. एरवी पासबुक भरून घ्यायला पाऊण तास तिष्ठणारे काका त्या दिवशी थेट केबिनमध्ये असतात. वर एसी, समोर चहा. रिलेशनशिप मॅनेजर (वय नातवाएवढं, टार्गेट डोंगराएवढं) पंगतीत जिलबी वाढावी तशी स्कीम वाढतो. ‘एफडीसारखंच आहे काका, फक्त परतावा जास्त.’ ती एफडी नसून विमा आहे, आणि ‘एकदाच भरायचे’ ते दोन लाख पुढची दहा वर्षं दरसाल भरायचे आहेत, हा तपशील पॉलिसीच्या पानांत सुखरूप असतो. सत्तरीतल्या माणसाचा विमा उतरवला कसा? उतरवलाय मुलाचा. हप्ते तेवढे काकांचे.

कायदा झोपलाय असं मात्र कुणी म्हणू नये. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. विमा घ्या तरच लॉकर, ही सक्ती नियमात बसत नाही. आणि पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ‘नको’ म्हणून परत करता येते. मुद्रांक शुल्कासारखी वजावट होऊन बाकी पैसे मिळतात.

हे ३० दिवस काकांना ठाऊक नसले तरी मॅनेजरला तोंडपाठ असतात. त्या महिन्यात तो पहिल्या रिंगला फोन उचलतो, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करतो. ‘पॉलिसी आली ना? पाकीट फोडू नका, तसंच कपाटात ठेवा, कागद हरवतात.’ एकतिसाव्या दिवशी त्याची बदली होते. कुठे, ते शाखेत कुणालाच माहीत नसतं.

मग कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, आणि पुढे विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यातही आहे; फी नाही, वकिलाची भानगड नाही. सोय खरोखर चांगली. पण तिथे कंपनी पडताळणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग लावते. ‘आपल्याला दरवर्षी हप्ता भरायचा आहे, हे समजलं का?’ हो. ‘ही मुदत ठेव नाही, हे सांगितलं का?’ हो. ‘कुणी बोनसचं आमिष दाखवलं का?’ याही प्रश्नाला काका जोरात ‘हो’ म्हणालेत. त्यावर पलीकडच्या मुलीने ‘धन्यवाद सर’ म्हणून पुढचा प्रश्न घेतला आहे.