घरबांधणीची नियमावली (साडूंसह)

प्रस्तुत नियमावली ज्यांच्याकडे प्लॉट आहे, कर्ज मंजूर झालेलं आहे आणि रक्तदाब अजून नॉर्मल आहे अशा गृहस्थांसाठी आहे. पैकी तिसरी अट यथावकाश आपोआप रद्द होते. घर कसं बांधावं हे सांगणारी जाडजूड पुस्तकं बाजारात आहेत. परंतु रोज सकाळी साडेसातला साइटवर हजर होणाऱ्या नातलगाचं काय करावं, याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. ती उणीव इथे भरून काढली आहे.

नियम पहिला : सल्लागार

आर्किटेक्ट नेमावा लागतो, कारण नकाशावर त्याची सही लागते. सल्लागार नेमावा लागत नाही, तो लग्नात मिळतो. आम्हांला मिळाले ते आमचे साडू. सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त, आणि आयुष्यात एक घर बांधलेले. ज्याने एकदा घर बांधलं त्याला स्थापत्यशास्त्राची तहहयात पदवी मिळते, आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही.

साडूंनी घर बांधलं ते १९८७ साली. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण पुरतं उठलं १९८९ मध्ये. म्हणजे परमिट, खेटे, रांग हे सगळं भोगूनच त्यांनी पोती मिळवलेली. त्यामुळे आजही सिमेंटच्या पोत्याकडे ते सावकाराकडे बघावं तसं बघतात. पोतं जमिनीवर ठेवलेलं दिसलं की त्यांचा आवाज चढतो. खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर लांब हवं, आणि पोत्यावरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. हे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. ते सांगण्यासाठी सकाळी साडेसातला फोन करायची गरज नाही, एवढंच माझं म्हणणं.

नियम दुसरा : जागा

जागा नेहमी उन्हाळ्यात दाखवतात. एजंटाच्या पंचांगात पावसाळा नसतो. आपण जुलैत परत जाऊन रस्त्याचं पाणी प्लॉटमध्ये येतं की प्लॉटचं रस्त्यावर जातं, तेवढं बघून यावं.

सातबाऱ्यावर सगळे जण नाव आणि क्षेत्र वाचतात. वाचायचा असतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा अशी मंडळी तिथे निवांत बसलेली असतात. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा स्वतः उभं राहून रोवून घ्याव्यात. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला चहा पाजावा. नंतर पाजून उपयोग होत नाही.

नियम तिसरा : पाया

काळ्या मातीत पिकं उत्तम येतात, घरं येत नाहीत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यासोबत आपल्या भिंतीही. म्हणून कठीण मुरूम लागेपर्यंत खणावं. मुरूम लागला की नाही हे ठेकेदार वरूनच, मोटारसायकलवर बसल्या बसल्या, ओळखतो.

आमचे साडू पँट दुमडून खड्ड्यात उतरले. पहार मागवली, एक घाव घातला, पहार वीतभर आत गेली. ते वर बघून म्हणाले, “ह्यो मुरूम? ह्यात मी मेथी लावीन.”

पाया आणखी दोन फूट खाली गेला, आणि त्या दोन फुटांत स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ट्रॉल्या गेल्या. आमच्या सौभाग्यवतींनी पुढचे काही दिवस आपल्या सख्ख्या बहिणीशी अबोला धरला. पायाची पंचाईत हीच आहे, की तो पाहुण्यांना दाखवता येत नाही. “या, पाया बघा,” असं आजवर कोणी कोणाला म्हटलेलं नाही.

नियम चौथा : दिशा

प्लॉट तीस बाय चाळीस. चारी बाजूंनी नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडल्यावर जे उरतं, त्यात आठ दिशा बसवायच्या. ईशान्येला देव, आग्नेयेला गॅस, नैऋत्येला कर्ता पुरुष. वास्तुतज्ज्ञ मोबाइलवरचं होकायंत्र हातात धरून जोत्यावर गोल फिरले आणि संडासाला जागाच नाही असा निर्णय देऊन, पाकीट घेऊन गेले.

नैऋत्येच्या खोलीत कर्त्या पुरुषाने एप्रिलमधल्या एका दुपारी झोपून बघावं. आपल्याकडे पश्चिमेचं ऊन भिंत तापवतं ते रात्री अकरापर्यंत. पश्चिमेच्या खिडकीवर चांगला दोन फुटी छज्जा नसेल, तर कोणताही ग्रह मदतीला येत नाही.

नियम पाचवा : जिना

सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या असाव्यात, साडेसहा इंचांच्या आसपास. म्हातारं माणूस घरात नसेल तर धीर धरा, आपणच होणार आहोत.

नियम सहावा : ठेकेदार

दर चौरस फुटाला ठरतो. कोणत्या चौरस फुटाला, हे विचारावं. छज्जे मोजायचे का? बाल्कनी पूर्ण की अर्धी? जिन्याच्या डोक्यावरची खोली? जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, फाटक हे दरात आहेत का? नसतातच. पण ते नसल्याचं आधी कागदावर आलं, तर निदान धक्का हप्त्याहप्त्याने बसतो. पैसे तारखेवर देऊ नयेत, कामावर द्यावेत : जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा. जोत्यापर्यंत काम आलं की नगरपालिकेकडून जोतं तपासल्याचा दाखला घ्यावा, आणि मगच वर जावं.

विटा आल्या की दोन विटा एकमेकींवर आपटाव्यात. खणकन वाजल्या तर उतरवून घ्याव्यात, भद्द वाजल्या तर ट्रक परत. आणि विटा भिजवल्याशिवाय गवंड्याच्या हाती देऊ नयेत. कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते.

गवंड्यांबद्दल काय लिहावं? सणाला गावी जातो म्हणून गेलेला गवंडी परत येतो हे खरं आहे. कोणत्या सणाला गेला होता, हे मात्र आपण विसरून गेलेलो असतो.

नियम सातवा : स्लॅब

स्लॅबच्या दिवशी मालकाने एकच काम करायचं : माल पातळ होऊ द्यायचा नाही. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मालकाची पाठ वळली की मिक्सरवरचा गडी पाण्याचा डबा हळूच कलता करतो. पाणी जितकं जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी. आमच्याकडे साडूंनी मिक्सरशेजारी खुर्ची टाकली आणि जन्मभर नोटा मोजणाऱ्या नजरेने डबे मोजले. त्या गड्याने दिवसभरात माझ्याकडे दोनदा दयेने पाहिलं.

माल पडण्याआधी सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, ते वाकून बघावं. नसले तर सळई स्लॅबच्या तळाला जाऊन टेकते, पुढे गंजते, आणि छताचे पापुद्रे ताटात पडतात. वायरिंगच्या पाइपांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत. पुढे ड्रिल कुठे मारू नये हे त्यांवरून कळतं. टोळीचं जेवण मालकाकडे असतं. त्यात हात आखडू नये.

आता पाणी मारणं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं. आय.एस. ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी. कोरड्या, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. ठेकेदाराचं कॅलेंडर चौथ्या दिवशी संपतं.

स्लॅब पडला मे महिन्यात. अंगात बनियन, डोक्यावर ओला टॉवेल, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवस्थेत साडू स्लॅबवर उभे राहायचे आणि मला ऑफिसात फोन करायचे, “पाव्हणं, टँकर आला न्हाई अजून.” मी एसीत बसून टँकरवाल्याला फोन लावायचो आणि साडूंवर वैतागायचो. माझ्या घराला माझ्यापेक्षा जास्त पाणी त्यांनी घातलं आहे. हे वाक्य नियमावलीत बसत नाही, पण राहू द्या.

नियम आठवा : उतार

न्हाणीघराच्या उताराची परीक्षा जगभर पाणी ओतून घेतात. आमचे साडू खिशातून काचेची गोटी काढतात. ही गोटी त्यांच्यापाशी कायम असते. मंगल कार्यालयात, दवाखान्यात, नातवाच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी ती सोडलेली आहे. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो. घरात दुःखाचा प्रसंग. मंडळी खाली माना घालून बसलेली. तेवढ्यात सतरंजीच्या कडेने काहीतरी घरंगळत कपाटाखाली गेलं. साडू माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “दाराकडं उतार हाय.”

याचं कारण मला आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलं. साडूंच्या स्वतःच्या मोरीचा उतार उलटा आहे. गवंडी म्हणाला होता, फरशी बसली की उतार आपोआप येतो. १९८७ पासून त्या घरात आंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता पॅसेजमध्ये येतं, आणि आक्का ते वायपरने परत पाठवतात. त्या पाण्याविषयी साडू कधीही बोलत नाहीत. दुसऱ्यांच्या मोऱ्यांविषयी बोलतात.

तेव्हा, साडूकृत निकष पुढीलप्रमाणे : चार फुटांच्या मोरीला जाळीकडे निदान अर्धा इंच उतार. मोरीची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खाली. फरशी बसवण्याआधी जाळीत बोळा कोंबून मोरी पाण्याने भरावी आणि दोन दिवस तशीच ठेवावी. खालच्या छताला ओल यायची असेल, तर ती आत्ताच येऊ द्यावी. फरशी बसल्यावर रुपयाच्या नाण्याने एकेक ठोकावी. पोकळ वाजली की खाली माल भरलेला नाही. कॅशियरला हे शिकवावं लागत नाही.

गच्चीलाही हेच. गच्चीवर पावसाचं तळं साचलं की त्याचं कौतुक पहिल्याच पावसाळ्यात संपतं.

नियम नववा : ओपन किचन

आर्किटेक्टने दाखवलेल्या चित्रात स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका पांढऱ्या वाडग्यात तीन हिरवी सफरचंदं होती. बाकी ओटा रिकामा. अशी सफरचंदं खाणारी माणसं कुठे राहतात याचा शोध घ्यावा आणि ओपन किचन त्यांना बांधून द्यावं. आपल्या ओट्यावर मिक्सर, चपात्यांचा डबा, पाण्याचं फिल्टर, तेलाचा कॅन, कोथिंबिरीची जुडी आणि कोणीतरी अर्धवट सोडलेला चहा असतो. खर्ड्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की हॉलमधल्या सोफ्याला ठसका लागतो. ओट्याची उंची मात्र घरात जी व्यक्ती खरोखर स्वयंपाक करते तिला उभं करून ठरवावी. पुस्तकातल्या आकड्याला कंबर नसते.

नियम दहावा : माळा

आर्किटेक्ट माळ्याच्या विरुद्ध असतात. त्यांना विचारावं : गौरी-गणपतीचं मखर, कुरडयांचा साचा, पाहुण्यांच्या गाद्या आणि चुलत्यांनी लग्नात दिलेलं पिंप कुठे ठेवायचं? उत्तर आलं तर आम्हांलाही कळवावं.

नियम अकरावा : वीज

प्लग पॉइंट हवेत तितके मोजावेत आणि दुप्पट करावेत. वायर चांगल्या प्रतीची, आणि अर्थिंग खरंखुरं जमिनीत गेलेलं असावं, नुसतं बिलात नव्हे.

नियम बारावा : दर्शनी भाग

थ्रीडी चित्रात आपल्या घरासमोर लाल मोटार, दोन पामची झाडं आणि कुत्रं घेऊन फिरणारी एक परदेशी बाई असते. चित्र बघून सगळं घर हरखतं. मग काचेचा कठडा येतो, दगडासारखी दिसणारी फरशी येते, फाटकाला लेझरने कापलेली नक्षी येते. मला या प्रकाराचा खरोखर वैताग आहे. कारण हा पैसा कुठून येतो? वॉटरप्रूफिंगचा एक थर कमी करून येतो. पाइप हलक्या प्रतीचे घेऊन येतो. “आतलं कोण बघतंय?” हे वाक्य आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पायात पुरलेलं आहे, आणि तीच घरं दर दोन वर्षांनी न्हाणीघर फोडतात.

नियम तेरावा : राहायला जाणं

वास्तुशांतीला येणारा प्रत्येक जण आधी “छान झालंय” म्हणतो आणि मग “पण” म्हणतो. ‘पण’ सुरू झाला की जेवायला वाढावं.

दूध उतू घालण्याआधी भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज गेला आहे का, ते आर्किटेक्टला विचारा, आणि त्याचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवा. घरपट्टीची पावती म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नव्हे. हे लोकांना घर विकायला काढल्यावर किंवा दुसऱ्या कर्जाच्या वेळी समजतं. बांधकामासाठी घेतलेला विजेचा तात्पुरता मीटर घरगुती करून घ्या, त्याचा दर जास्त असतो.

आणि पैसे कमी पडले, ते पडतातच, तर फाटक साधं बसवा, रंग पुढच्या वर्षी द्या, ट्रॉल्यांच्या जागी काही काळ पडदा लावा. पाया, पाणी आणि वायर यांत मात्र रुपयासुद्धा वाचवू नका. फाटक केव्हाही बदलता येतं.