सांडवा कोरडा असताना धरण कसे पाहावे

महाराष्ट्रात धरण पाहण्याचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. 'खडकवासल्यातून विसर्ग वाढवला' अशी बातमी आली की येणाऱ्या रविवारी अर्धे पुणे सिंहगड रस्त्यावर गाडीत बसून धरण पुढे सरकण्याची वाट पाहते. सांडव्यावरून पाणी कोसळत असावे, अंगावर तुषार यावेत, हातात तिखट-मीठ-लिंबू चोळलेले कणीस असावे आणि शेजारच्या काकांनी क्युसेकचा आकडा आत्मविश्वासाने चुकीचा सांगावा. एवढे झाले की धरण पाहून होते. अडचण येते ती हा सराव घेऊन लास वेगासला गेल्यावर. तिथून पाऊण तासाच्या अंतरावर, कोलोराडो नदीच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये हूव्हर धरण आहे. त्याची कीर्ती जगभर, पण सांडव्यावरून १९८३ नंतर नदीचे पाणी गेलेले नाही. शिवाय कणीस मिळत नाही. अशा प्रसंगी मराठी यात्रेकरूने कसे वागावे, यासाठी हे मार्गदर्शन.

पहिले काम सहल निवडण्याचे. कॅलिफोर्नियातला मुलगा 'मीच नेतो ना गाडीने' म्हणेल. नेऊ देऊ नये. तो धरणावर गाडी लावायला जागा शोधेल, मग फोन घेईल, मग 'झालं ना बघून?' विचारेल. त्यापेक्षा गाईडसह छोट्या ग्रुपची एक दिवसाची सहल बरी. छोट्या ग्रुपमध्ये माणसे किती, हे मात्र आधी विचारून घ्यावे. कुठे दहा असतात, कुठे पंचवीस. याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तिकिटात धरणाच्या पोटात जाणे आहे की फक्त माथ्यावरून चालणे? बऱ्याच सहली तासभर माथ्यावर सोडतात आणि परत आणतात. वीजघराचे तिकीट निराळे असते, आणि भिंतीतल्या तपासणी बोगद्यांत नेणाऱ्या मोठ्या फेरीत जागा मोजक्या असतात. इतक्या लांब येऊन वरूनच नमस्कार करून परतलेली मंडळी पुढे आयुष्यभर 'आत काही नसतं हो' असे सांगत फिरतात. त्यांचे ऐकू नये.

'हॉटेलवरून नेऊ' या आश्वासनाचा अर्थ तुमच्या खोलीपासून नेऊ असा नाही. वेगासच्या हॉटेलांत सहलीच्या गाड्यांचे दार वेगळे असते, ते बहुधा मागच्या बाजूला असते, आणि तिथे जाण्याचा रस्ता कॅसिनोच्या मधून जातो. कॅसिनोत खिडकी नाही, घड्याळ नाही आणि सरळ रस्ताही नाही; ही तिन्ही कामे त्यांनी विचारपूर्वक केलेली आहेत. ज्याने जन्मात कधी मटक्याचा आकडा लावला नाही त्याचेही पाऊल तिथे एका यंत्रापाशी रेंगाळते. म्हणून अर्धा तास आधी निघावे आणि सुटे पैसे सोबतिणीकडे द्यावेत.

सामानाविषयी. धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची तपासणी होते आणि आत जाताना पिशव्यांची. चाकू कोणत्याही आकाराचा चालत नाही. अडकित्ता हे शस्त्र नाही हे इंग्रजीत पटवून देण्याचा प्रयत्न करू नये. सुपारी हा प्रकार समजावतानाच फेरीची वेळ निघून जाते. आतल्या फेरीत खाण्याचे पदार्थही नेता येत नाहीत, तेव्हा मेथीचे लाडू गाडीत ठेवावेत, नाहीतर गाडीतच संपवावेत. पाणी मात्र भरपूर घ्यावे. वाळवंट आहे, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. 'आम्ही जळगावचे' हे त्यावरचे उत्तर नव्हे.

गाडीत बसल्यावर ग्रुपमधल्या माणसांची पारख करून घ्यावी. एक जोडपे नवविवाहित असते. त्यांना धरणाशी कर्तव्य नसते. एक निवृत्त अमेरिकन अभियंता असतो, त्याला गाईडपेक्षा जास्त माहिती असते आणि गाईडला ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. एक कुटुंब दर थांब्यावर उशिरा येते. आपण ते कुटुंब होऊ नये, एवढीच देशाची अपेक्षा असते.

वाटेत बोल्डर सिटी लागते. धरणाच्या कामगारांसाठी सरकारने १९३१ च्या सुमारास वसवलेले हे गाव. नेवाडासारख्या राज्यात असूनही इथे जुगाराला आजही बंदी आहे, आणि दारूविक्रीची बंदी १९६९ पर्यंत होती. गाईड गावाचे टुमदारपण दाखवतो. तेव्हा त्याला विचारून घ्यावे की या टुमदार घरांत कोण राहायचे. कंत्राटातच चिनी वंशाच्या मजुरांना मज्जाव होता. कृष्णवर्णीय कामगार हजारोंच्या मनुष्यबळात नावापुरते घेतले गेले, आणि त्यांना या गावात राहू दिले नाही. प्रश्न सभ्यपणे विचारावा. चांगला गाईड उत्तर देतो. कच्चा गाईड आइस्क्रीमचे दुकान दाखवतो.

धरणाचे पहिले दर्शन त्याच्या समोर नदीवर बांधलेल्या पुलावरून घ्यावे. २०१० साली खुला झालेला हा पूल नदीपासून पावणेनऊशे फुटांहून उंच आहे, आणि त्यावरच्या पायवाटेवरून धरणाची भिंत समोरासमोर दिसते. ७२६ फूट, म्हणजे २२१ मीटर उंच. माथ्याला ४५ फूट जाड आणि पायथ्याला ६६० फूट. नदीच्या उलट दिशेला पोट काढून उभी असलेली ही कमान पाण्याचा भार दोन्ही बाजूंच्या खडकांवर ढकलते आणि उरलेला स्वतःच्या वजनावर पेलते. इथे 'पाणी कुठून सोडतात?' हा प्रश्न हमखास येतो. समोरच्या भिंतीवरून पाणी कधीच पडत नाही, ही गोष्ट मनाला समजावण्यासाठी दोन मिनिटे शांत उभे राहावे. सांडवे दोन, दोन्ही काठांना एकेक. त्यात पाणी गेलेच तर बोगद्यातून परभारे खाली नदीत जाते. असे आजवर दोनदाच घडले: १९४१ साली चाचणीसाठी आणि १९८३ साली पुरामुळे. एरवी जे पाणी सुटते ते टर्बाइन फिरवून, पायथ्याशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

याच ठिकाणी 'आमच्याकडे' या शब्दाने सुरू होणारी वाक्ये उसळून येतात. ती पूर्ण दाबू नयेत, प्रकृतीला बरे नसते. पण निवडून बोलावीत. भाक्रा धरण हूव्हरपेक्षा चार-पाच मीटर उंच आहे, हे एकदा सांगायला हरकत नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले होते, हेही अभियंत्याला आवडेल. सगळ्यांत मोलाचे मात्र कोयनेचे. धरणात पाणी साठल्याने भूकंप होऊ शकतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात पहिल्यांदा नीट आली ती इथेच, हूव्हरमागचा लेक मीड भरू लागल्यावर जमीन हादरली तेव्हा. आणि या प्रकारातला सर्वांत गाजलेला भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, कोयनेचा. पाटण तालुक्यातल्या माणसाने हे सांगितले की सगळी गाडी गप्प होते. पानशेत धरण फुटल्याचा विषय मात्र काढू नये. पुणेकर कोणत्याही धरणासमोर उभा राहिला की १२ जुलै १९६१ त्याच्या डोळ्यांत येतेच, पण धरणाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसांना त्यात गोडी नसते.

आता आकडे. गाईड एकर-फुटांत बोलतो आणि मराठी माणसाला टीएमसीशिवाय पाणी दिसत नाही, तेव्हा रूपांतर पाठ करून जावे: एक टीएमसी म्हणजे सुमारे २३ हजार एकर-फूट. या हिशेबाने लेक मीड काठोकाठ भरला तर अकराशे टीएमसीच्या वर जातो. कोयना १०५ टीएमसी. दहा कोयना एकापाठोपाठ ओतल्या तरी जागा उरते. हे ऐकून सातारकर थोडा खचतो. त्याला लगेच सांगावे की वीजनिर्मितीची क्षमता हूव्हरची सुमारे २,०८० मेगावॉट आणि कोयना प्रकल्पाची १,९६०, म्हणजे फारसे अंतर नाही. शिवाय लेक मीड भरत कुठे आहे? काठाच्या खडकावर क्षारांचा पांढरा पट्टा दिसतो, तांब्याच्या बंबाला आतून चढतो तसा. तिथवर एकेकाळी पाणी होते. जुलै २०२२ मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून १,०४० फुटांपर्यंत उतरली. १९३०च्या दशकात जलाशय पहिल्यांदा भरत होता, त्यानंतर इतके खाली पाणी कधी गेले नव्हते. पाणी उतरल्यावर सेंट थॉमस हे १९३८ मध्ये बुडालेले गाव वर आले. उजनीतले पळसदेवाचे देऊळ पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

कारण विचारले की गाईड हवामानबदल म्हणतो. ते खरेच आहे, पण अर्धे. १९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली तेव्हाची वर्षे जास्त पावसाची होती. कागदावर वाटले गेलेले पाणी नदीत पुढे आलेच नाही. वरची राज्ये, खालची राज्ये, आणि शेवटी मेक्सिको. जायकवाडीच्या पाण्यासाठी दरसाल नाशिक-नगरकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला इथे घरच्यासारखे वाटते. त्यातून गंमत अशी की धरणाची निम्मी भिंत ज्या नेवाडात आहे त्याचा वर्षाचा वाटा तीन लाख एकर-फूट, म्हणजे १३ टीएमसी. आणि धरणापासून दूरच्या कॅलिफोर्नियाचा ४४ लाख, म्हणजे १९० टीएमसीच्या पुढे. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण गाईडला शिकवावी. तो ती पुढच्या ग्रुपला ऐकवील आणि श्रेय देणार नाही, तरी शिकवावी.

आत जाताना लिफ्ट सुमारे पाचशे फूट खाली उतरते. पुढे खडकात खोदलेला बोगदा, आणि मग पायाखाली थरथर जाणवते. ती तीस फूट व्यासाच्या नळातून टर्बाइनकडे जाणाऱ्या पाण्याची. धरणावर पाणी भेटण्याची जागा हीच, आणि इथेही ते दिसत नाही. पायांनी ऐकावे लागते. वीजघरात नेवाडाच्या बाजूला आठ जनित्रे ओळीने उभी आहेत, ॲरिझोनाच्या बाजूला नऊ. फरशी खाली वाकून पाहावी. तिच्यातली नक्षी ॲलन ट्रू या चित्रकाराने मूळ रहिवाशांच्या आकृतिबंधांवरून बसवली आहे. वीजघराच्या फरशीला कोणी इतका जीव लावावा, हे सार्वजनिक बांधकामाची सवय असलेल्या डोळ्यांना पटत नाही.

काँक्रीट ओतायला ६ जून १९३३ रोजी सुरुवात झाली आणि २९ मे १९३५ ला भिंत पुरी झाली. (इथे गोसीखुर्द धरणाचा विषय काढू नये. त्याचे भूमिपूजन १९८८ चे आहे.) एवढे काँक्रीट एकसंध ओतले असते तर ते थंड व्हायला सव्वाशे वर्षे लागली असती, असा हिशेब होता. म्हणून ठोकळे ठोकळे करून ओतले आणि आत नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीचे बारीक नळ घालून गार पाणी खेळवले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग संपल्यावरही दोनशे किलोमीटर नळ उरतो. काम संपल्यावर हे नळ सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरून टाकले.

आणि मग ग्रुपमधली एखादी मावशी विचारते, 'भिंतीत माणसं गाडलीत म्हणे?' पुलाच्या पायात बळी देतात या कथेवर आपले बालपण गेलेले असते, त्यामुळे प्रश्न मराठी वाटतो. पण तो इथे येणाऱ्या सगळ्याच देशांचा आहे. उत्तर: नाही. एका वेळी ओतलेल्या काँक्रीटने ठोकळ्याची पातळी काही इंचच वाढायची, त्यात माणूस बुडणे शक्य नव्हते. सरकारी नोंदीत ९६ मृत्यू आहेत. न्युमोनियाने गेले असे लिहिलेले कामगार त्यात धरलेले नाहीत. बोगद्यात चालणाऱ्या मोटारींच्या धुराने ते गेले, असे त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे होते. गाईड टायर्नी बापलेकांची गोष्ट सांगेल: बाप २० डिसेंबर १९२२ ला नदीत बुडाला, मुलगा १९३५ साली त्याच तारखेला मनोऱ्यावरून पडला. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. न्युमोनियाची आपण विचारावी.

वर आल्यावर मोकळा वेळ मिळतो. माथ्यावर दोन राज्यांची सीमा आहे. तिच्यावर दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढावा, नाहीतर गेल्याचा पुरावा धरला जात नाही. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन राज्यांची दोन घड्याळे आहेत. हिवाळ्यात त्यांत तासाचे अंतर असते, उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नसल्याने दोन्ही जुळतात. सहलीला उशिरा येणाऱ्या कुटुंबाने हिवाळ्यात याचा फायदा घेऊ नये. पंख असलेल्या दोन ब्राँझच्या पुतळ्यांच्या पायाचे अंगठे घासून चकचकीत झालेले दिसतील. लोक नशिबासाठी चोळतात. पायाला हात लावण्याचा सराव आपल्याला आहेच. माथ्यावरच्या मनोऱ्यांत प्रसाधनगृहे आहेत, ती गरज नसली तरी पाहून घ्यावीत, आणि वयाच्या साठीनंतर गरज आहेच असे धरून चालावे.

परतताना गाईडला बक्षिसी द्यायची असते. सहलीच्या भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के असा तिथला रिवाज आहे. दिवसभर एकर-फुटांचे टीएमसी करून आलेल्या माणसाला डॉलरचे रुपये करणे अवघड नाही. ते जरूर करावे, पण ओठ न हलवता. गाईड गाडी चालवता चालवता आरशातून मागे पाहत असतो.