बोर्डोकाका

मीरा-भाईंदरमध्ये हल्ली प्रत्येक कॉम्प्लेक्समागे एक बोर्डोकाका निघतात. पूर्वी मान होता अमेरिकेला मुलाकडे सहा महिने राहून आलेल्यांना. मग 'बारा दिवसांत दहा देश'वाले आले, आयफेल टॉवरखाली ठेपले खाऊन. बोर्डोकाका या सगळ्यांच्या वरच्या मजल्यावरचे. त्यांनी देश एकच केला आणि त्यातही नुसती नदी. "आम्ही फ्रान्सला नाही हो गेलो, आम्ही गारोनला गेलो," हे ते लिफ्टमध्ये सांगतात, आणि स्वतःचा पाचवा मजला आला तरी न उतरता तुमच्याबरोबर नवव्यापर्यंत येतात.

काका एकटे गेले नव्हते. भाईंदर लोकलचा अख्खा ग्रुप गेला होता. तीस वर्षं एकाच डब्यात मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमी खेळलेली ही मंडळी. एकेक करून निवृत्त झाली, फंड आला, गुडघे अजून चालत होते. मग ठरलं, बायकांसह फ्रान्समध्ये बोर्डोला, गारोन नदीवर, बोटीवर आठ दिवस.

माणूस निवृत्त होतो, प्रवासी होत नाही. पहिल्याच सकाळी बोटीच्या डेकवर सहा खुर्च्यांवर सहा रुमाल पडले. एक वयस्कर अमेरिकन बाई त्यातला एक उचलून 'तुमचा पडला का?' म्हणून विचारत फिरत होत्या. किनारा यायला पाऊण तास असताना ग्रुप दारात जाऊन उभा राहिला. भरलेल्या विरार लोकलमधून भाईंदरला उतरण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना धक्का लागायच्या आधी दार गाठण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. बोटीवरच्या लोकांना वाटलं, काहीतरी दुर्घटना झाली. धावत दोघे जॅकेट घेऊन आले.

हे सगळं काकू सांगतात. काकांच्या कथेत रुमाल नाहीत, फक्त वाइन आहे. परत आल्यापासून काका कुठलंही पेय सरळ पीत नाहीत. कोकम सरबताचा पेला आधी ट्यूबलाइटसमोर धरतात, मनगटाने तीनदा फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात. "अहो, प्या आता. हुंगायला मी सर्दीचं औषध नाही दिलेलं," काकू आतून म्हणतात. काका घोट घेऊन तो गालात घोळवतात आणि म्हणतात, "मागच्या आठवड्यातलं आगळ जास्त मोकळं होतं." बाटली तीच असते.

बोर्डोजवळच्या सोतेर्नवर ते विशेष रंगतात. तिथे शरद ऋतूत सिरोन नावाच्या छोट्या नदीचं थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळतं, पहाटे धुकं धरतं, आणि द्राक्षांवर बुरशी चढते. ती बुरशी चढू देतात. मणी सुरकुततात, आतली साखर दाट होते, आणि त्याची सोनेरी, गोड, महागडी वाइन होते. काका हे सांगत असताना एकदा त्यांचे तासगावचे व्याही सोफ्यावर बसलेले होते. व्याह्यांची तीन एकर द्राक्षबाग. पावसाळी हवा दिसली की रात्री झोप नाही, कारण डाउनी रोग आला की घड गेले. बुरशी पडल्याचं कौतुक ऐकून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कुठलं गाव म्हणालासा?"

"बोर्डो."

"बोर्डो व्हय! बोर्डो आमच्या पंपात असतंय की. किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, शंभर लिटर पाणी."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण व्याही शंभर टक्के बरोबर होते. ते निळं मिश्रण जन्मलं बोर्डोतच. तिथल्या मेदोक भागातले बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळसर राडा मारत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की डाउनीने बाकीची बाग झडते, पण या चोरांसाठी रंगवलेल्या वेली हिरव्यागार राहतात. 1885 साली त्याने कृती प्रसिद्ध केली. आज आपल्याकडचे द्राक्षवाले आणि कोकणातले सुपारीवाले विमानाचं तिकीट न काढता बोर्डोचं नाव घेताहेत. काकांनी आठ दिवसांत चाखलेल्या सगळ्या वाइनपेक्षा बोर्डोने जगाला दिलेली ही चीज मोठी, असं माझं प्रामाणिक मत आहे. काकांसमोर मात्र ते मी मांडलेलं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो फेरी सुरू झाली आणि काकांना व्यासपीठ मिळालं. पाहुणा आला की ते त्याला फेरीवर चढवतात. एका रविवारी मी सापडलो. खाली स्कूटर, रिक्षा, एक टेम्पो; वर कठड्याला टेकून काका. खाडीचं पाणी नेहमीसारखं चहाच्या रंगाचं. त्याकडे बोट करून मी म्हणालो, "तिकडे निळंशार असेल नाही?" काका गप्प झाले. बोर्डोपुढच्या जिरोंद खाडीचं पात्रही असंच गढूळ, तपकिरी. तिथेही भरतीचं पाणी गाळ ढवळत पार बोर्डो शहरापर्यंत आत चढतं. शेवटी म्हणाले, "रंग तोच, पण तो गाळ वेगळा."

मला खरी गंमत पुढे कळली. तिथेही लामार्कहून ब्लायला गाड्या नेणारी अशीच फेरी चालते, आणि पलीकडे उतरलं की समोर वोबाँने बांधलेला किल्ला. इथे पलीकडे वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतलेला. "त्यात आत गेला होतात?" मी विचारलं.

"ब्लायच्या ना? दोन तास!"

"वसईच्या."

"तो काय, इथेच आहे."

मग काकांनी गारोन आणि दोर्दोन्यचा संगम घेतला, डावा काठ घेतला, 1855 ची वाइनची प्रतवारी घेतली. ते लाफितपाशी पोचतात तोच फेरी वसईच्या जेट्टीला लागली. पाऊण तासाच्या व्याख्यानाला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. काकांनी मला उतरू दिलं नाही. दोन परतीची तिकिटं काढली, कठड्यावर आमच्या जागेवर रुमाल टाकला, आणि भाईंदरच्या दिशेने बोट वळताच पुन्हा बोर्डोच्या धक्क्यापासून सुरुवात केली.