चि. प्रस्तावित अभ्यासक्रमास अनेक आशीर्वाद

चि. बी.एस्सी. (डेटा सायन्स) यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझी परवानगी आली. प्राचार्यांनी पेढे वाटले, अध्यक्षांनी फोटो काढून घेतला आणि स्टाफरूममधल्या फळ्यावर तुझं नाव रंगीत खडूने लिहिलं गेलं. तू जन्मलास असं मात्र मी इतक्यात म्हणत नाही. जन्मदाखला तेवढा आलाय. आपल्याकडे हीच रीत आहे, बाळ मागून सावकाश येतं.

कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालेल्या गाडीतून डाव्या हाताला दिसतं, एवढी खूण पुरे. आमच्या भागातली निम्मी कॉलेजं त्या खुणेत बसतात.

आधी तुझ्या नावाचं सांगतो. बारशाला आत्या असते, तशी तुझ्या नावाला यूजीसी असते. 1956 च्या त्यांच्या कायद्यात कलम 22 आहे. यादीत असेल तीच पदवी देता येते, मनाला येईल ती नाही. म्हणून कंसाबाहेर पणजोबांच्या काळचं बी.एस्सी. आणि जे काही नवं ते सगळं कंसात. तुझं अख्खं आयुष्य त्या कंसात जाणार आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, बऱ्याच पदव्यांचा संसार तिथंच चाललाय.

आता कबुली. तुझा प्रस्ताव मीच लिहिला. मी गणिताचा माणूस. मला म्हणाले, सर, गणितातलंच आहे थोडंफार, तुम्हीच समन्वयक व्हा. मुदत संपायला चार दिवस होते. मग कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजचा जुना प्रस्ताव मिळाला आणि काम सोपं झालं. ‘अभ्यासक्रमाची आवश्यकता’ हा रकाना तर मी वाचलाही नाही, तसाच उचलून ठेवला. तीन महिन्यांनी झेरॉक्स काढताना आमच्या बाबूंनी विचारलं, ‘सर, हे किनारपट्टीतले युवक कोण व्हय?’ पाहतो तर काय, ‘सागरी किनारपट्टीच्या भागातील युवकांची मागणी लक्षात घेता’ असं आपल्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. वऱ्हाडात समुद्र! बरं, हा कागद तोवर कितीतरी टेबलांवरून फिरून आला होता. कोणाच्याच पायाला पाणी लागलं नव्हतं.

तसं पाहिलं तर खारं पाणी आपल्याकडेही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहीर खणावी तर पाणी खारट, ओलीत करावं तर जमीन चिबडते. तिथल्या पोरांना जमीन आणि पाणी शिकवणारी पदवी काढू, असं आमच्या बैठकीत एकदा मीच म्हणालो होतो. अध्यक्ष म्हणाले, ‘सर, त्याले कोण ॲडमिशन घेईन? नाव पॉश पाहिजे.’ तेव्हा तू आलास.

पुढे तुझी वरात निघाली. त्यासाठी 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे आणि त्यात बृहत् आराखडा नावाची एक थोर चीज आहे. पाच वर्षांत कोणत्या भागाला काय शिकायचं आहे ते या आराखड्याला आधीच ठाऊक असतं. आराखड्यात तुझा बिंदू नसेल तर तू कितीही गुणी असलास तरी उपयोग नाही. बिंदू असेल तर गुणांची फारशी चौकशी नाही. त्यानंतर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, अधिष्ठाता मंडळ, विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, झालंच तर मंत्रालय. वाईट यातलं काहीच नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबून ‘हे कशाला?’ असं विचारावं, म्हणूनच कायद्याने इतक्या पायऱ्या बांधल्या. पण प्रत्येकाला वाटतं की विचारणारा आधीच्या पायरीवर बसला असेल, नाहीतर पुढच्या पायरीवर भेटेल. इरादापत्राचा थाट नव्या कॉलेजाचा, तुझ्यासारख्या धाकट्या अभ्यासक्रमाला तो नाही. तेवढाच एक फेरा वाचला.

मग समिती तुला पाहायला आली. पोरगी पाहायला येतात तशीच, आणि तयारीही तशीच. फिजिक्सच्या खोलीतले कॉम्प्युटर रात्रीतून उचलून तुझ्या खोलीत मांडले. दारावर ‘डेटा सायन्स लॅब’ अशी पाटी पहाटे रंगवली. पेंटर उशिरा आला, त्यामुळे रंग ओला राहिला. समितीतले एक सर पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. दारातून आत शिरताना त्यांची बाही पाटीला घासली आणि निळा पट्टा उमटला. सगळे गप्प. सरांनी बाहीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग शांतपणे बाही दुमडून घेतली आणि म्हणाले, ‘चहा कुठं आहे?’ चहाबरोबर खास अमरावतीहून मागवलेला गिला वडा होता. अहवालात आलं : पायाभूत सुविधा पुरेशा. मी त्या सरांना दोष देत नाही. पुढच्या महिन्यात आमच्यातलेच दोघे असेच कोणाच्या तरी खोल्या पाहायला गेले आणि पाटोडी-रस्सा खाऊन परतले.

शिक्षकांचा रकानाही होता बरं का. त्यात मी लिहिलं, ‘नियमानुसार नेमण्यात येतील.’ आपल्या भाषेतला भविष्यकाळ इतका कामाला कोणी जुंपला नसेल.

आता थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐक, कारण तू वऱ्हाडातला आहेस. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान आखाडा सुरू केला. आधी आखाड्यात माती आली, मग वस्ताद आले, मग पोरं आली. 1936 मध्ये तिथली मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं कॉलेज त्याच्याही कितीतरी नंतरचं. म्हणजे शिकवणं आधी, कागद मागून. त्याच्याही मागे जायचं तर रिद्धपूर. म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत गावोगाव फिरले, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून शहानिशा केली, तेव्हा कुठे तेराव्या शतकात लीळाचरित्र उभं राहिलं. आपल्या प्रस्तावाची शहानिशा आमच्या बाबूंनी केली, तीही झेरॉक्स मशीनपाशी. त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ करायचा कायदा 2023 मध्ये झाला. सातशे वर्षं तिथं अभ्यासच चालू होता, परवानगी तेवढी राहिली होती.

आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ? ते कोणाच्या विहित नमुन्यातून आलं नाही. लोक रस्त्यावर उतरले, 1967 च्या आंदोलनात पोरांचे जीव गेले, तेव्हा 20 ऑक्टोबर 1969 ला ते उभं राहिलं. तिथं ‘आवश्यकता’ हा रकाना भरायला पेनड्राइव्ह लागला नव्हता. तुझ्यासाठी आमच्या गावात साधं निवेदनही कोणी दिलं नाही रे. मोर्चा तर दूरच.

आपलं विद्यापीठ 1 मे 1983 ला नागपूरपासून वेगळं झालं. पाच जिल्ह्यांचा हा संसार गाडगेबाबांच्या नावाने चालतो. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तुझ्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांचं नाव तीनदा आलं. खोली मात्र त्या दिवशी कोणी झाडली नव्हती.

नवीन शैक्षणिक धोरणाने तुला दारं भरपूर दिली आहेत. एका वर्षाने बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोनाने पडलं तर पदविका, तीनाने पदवी, चार वर्षं टिकलं तर ऑनर्स. बाहेर पडायची एवढी सोय एसटीच्या डब्यालाही नाही. मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, इंटर्नशिप, सगळ्यांची श्रेयांकांत मोजदाद आहे. कल्पना वाईट नाही. पोरगं मधेच अडलं तर हातात काहीतरी राहावं, हे मला मनापासून पटतं. पण आत शिरल्यावर खडू हातात घेऊन समोर कोण उभं राहणार, हे श्रेयांकांत कुठं धरलंय ते मला सापडलं नाही.

ॲडमिशनच्या दिवशी एक बाप आला. धोतर, खांद्यावर दुपट्टा, सोबत बारावी झालेली पोरगी. माहितीपत्रक त्याने उलटंपालटं करून पाहिलं. फी विचारली नाही, नोकरीचंही विचारलं नाही. म्हणाला, ‘सर, हे शिकवाले कोन हाये?’ इतक्या मंडळांतून, परिषदांतून आणि समित्यांतून तू फिरून आलास, पण हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी म्हणालो, येतील. तो म्हणाला, ‘आले का मंग घेऊन येतो पोरीले.’ आणि गेला. पहिल्या वर्षी तुझ्या वाट्याला नऊ पोरं आली. ती पोरगी त्यांच्यात नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझाच समन्वयक

ता. क. : हे पत्र खुलं असल्यामुळे वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. डेटा सायन्स शिकवण्यासाठी तासिका तत्त्वावर एक जागा भरणे आहे, विनाअनुदानित. पगार तासांवर, तास पोरांवर. इच्छुकांनी सोमवारी सकाळी 11 वाजता मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे. पाटीचा रंग आता वाळला आहे.