कुठे काय!

एका सहकाऱ्याचे वडील गेल्याची बातमी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पाठोपाठ चौदा जणांनी 'भावपूर्ण श्रध्दांजली' वाहिली. पंधरावा मी. मी लिहिलं, 'श्रद्धांजली. आधी द, मग ध. कृपया.' त्यातल्या 'कृपया'ची कुणी दखलही घेतली नाही.

त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी माझ्याबद्दल शेरा मारला, 'काम चोख. माणसांशी वागण्यात सुधारणेस वाव.' तो वाव भरून काढायला मला दोन दिवस लोणावळ्याला धाडण्यात आलं. विषय होता भावनिक बुद्धिमत्ता.

अभ्यास केल्याशिवाय मी कुठे जात नाही. आदल्या रात्री दीडपर्यंत वाचत होतो. त्यामुळे पहिल्याच तासाला प्रशिक्षक म्हणाले, "ही संकल्पना डॅनियल गोलमन यांची, १९९५ सालची," तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. "सर, ९५चं ते पुस्तक. सॅलोव्ही आणि मेयर यांनी या संकल्पनेवर लेख लिहिला १९९० साली. गोलमन पत्रकार, त्यांनी विषय घरोघरी पोचवला."

"शेअर केल्याबद्दल थँक यू," ते हसून म्हणाले. मला वाटलं, छाप पडली. पुढचे दोन दिवस एकाही खेळात मला जोडीदार मिळाला नाही. मला 'निरीक्षक' नेमलं होतं.

तिथून मी दोन गोष्टी घेऊन आलो. एक युक्ती : समोरच्याच्या चेहऱ्यावर जी भावना दिसेल ती त्याला बोलून दाखवायची आणि तो देईल त्या उत्तराचा आदर करायचा. दुसरं, रॉबर्ट प्लुचिक या मानसशास्त्रज्ञाचं १९८० सालचं भावनांचं चक्र. आठ पाकळ्या : आनंद, विश्वास, भीती, आश्चर्य, दुःख, किळस, राग, उत्सुकता. त्याची रंगीत प्रत लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. लोणावळ्याचं प्रवासबिल, रुपये एक हजार आठशे चाळीस, बिलं बघणाऱ्या मॅडमच्या टेबलावर अडकलं. एरवी "अहो, डबा उघडलाय, या" म्हणणाऱ्या मॅडम "ठेवा तिथे" एवढंच म्हणाल्या. माझ्यादेखत त्यांनी शाईचा पॅड उघडला, वरच्या बिलावर शिक्का मारला, खालच्यावर मारला, माझं बिल हातात आलं तशी पॅडचं झाकण लावलं आणि बिल गठ्ठ्याच्या तळाशी घातलं.

"मॅडम, तुम्हाला राग आलाय असं मला दिसतंय."

"मला? छे! मी कशाला रागावू?"

उत्तराचा आदर करायचा होता. "मग बरं झालं," म्हणून मी जागेवर आलो. मंगळवारी 'दुःख' विचारून पाहिलं, बुधवारी 'भीती'. गुरुवारी चक्राकडे एकदा नजर टाकून मी म्हणालो, "तुम्हाला किळस वाटतेय का?"

"आता वाटायला लागलीय."

शेवटी शेजारच्या टेबलावरून खालच्या आवाजात खुलासा झाला, "अहो, त्या रुसल्यात! गौरींच्या करंज्या आठवा." आठवल्या. ओल्या नारळाच्या होत्या. सगळे डोळे मिटून खात होते आणि मी म्हणालो होतो, "सारण जरा सैल झालंय." पुढच्या वर्षी उपयोग होईल, असा माझा हिशेब.

मी चक्र काचेखालून काढून उलटसुलट पाहिलं. त्यात रुसवा नाही. भरतमुनींनीही आठच स्थायीभाव सांगितले, त्यातही नाही. इथे अख्ख्या लग्नाचा मांडव विहीणबाईंच्या रुसव्यावर तोलला जातो आणि शास्त्रात त्याला पाटसुद्धा नाही! राग माणसाला बंद खोलीत एकट्यालाही येतो. रुसायला समोर कुणीतरी लागतं, आणि तेही जरा आपलं वाटणारं. 'काय झालं?' विचारलं की रुसलेल्यानं 'कुठे काय!' म्हणायचं असतं, आणि विचारणाऱ्यानं तिथून पुढे सुरुवात करायची असते. मी तिथेच आदर करून परत येत होतो. घरीही तीस वर्षं 'काही नाही'चा अर्थ काही नाही असाच घेत आलोय. बायकोनं संसार कसा केला असेल, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

शुक्रवारी गेलो. "मॅडम, करंज्यांचं माझं चुकलंच."

"करंज्यांचं काय? कुठे काय!"

"नाही, सांगा."

"काही नाही हो."

"असं कसं? सांगा ना."

"सैल म्हणे! रात्री बारापर्यंत खोबरं परतत उभी होते मी!" मग वीस मिनिटं. नारळ, गॅस, सासूबाईंचे गुडघे, सगळं आलं. मी मान हलवत राहिलो. शेवटी पॅड उघडला, शिक्का बसला आणि शिक्क्याखाली मॅडमनी सही करून लिहिलं, 'मंजुर'.

ऱ्हस्व जु.

मी पाहिला. पेन खिशातून अर्धं बाहेर आलं होतं. गोलमन ज्याला आत्मनियमन म्हणतात ते हेच असणार, म्हणून मी जीभ दातांखाली धरली, पेन आत ढकललं आणि "थँक यू" म्हणालो. माझ्या नोकरीतला हा सर्वांत अवघड क्षण होता आणि तो कुणाच्याही लक्षात आला नाही.

चार वाजता सगळे चहाला निघाले. मॅडम दारात थांबल्या. "येताय ना? काय झालं?"

"कुठे काय!" मी म्हणालो, आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून चष्मा पुसत बसलो.